बाळंतपणाले बाप चालला

"नामदेवभाऊनं घर देऊन टाकलं म्हंते, आन् आता पोरीकडे कायमचा..."

एवढंच माझ्या कानावर पडलं आणि चक्कीवाल्यानं पट्टा चढवला. पुढचं सगळं घरघर. माझ्या पुढे उभ्या दोन बाया एकमेकींच्या कानाशी लागून बोलत होत्या, माना हलवत होत्या, एकीनं तर तोंडाला पदरही लावला. माझं ज्वारीचं दळण होईपर्यंत दोघी आपापले डबे घेऊन निघूनही गेल्या. आता अर्धी बातमी म्हणजे कच्चा राहिलेला भात. गिळवत नाही, टाकवतही नाही. मी वाटेनं येता येता माझ्या हातानं तो शिजवला. घराच्या दारात पोचेपर्यंत तीन घरी सांगून झालं होतं, की नामदेवभाऊनं घर विकलं आणि तो कायमचा कॅनडात चालला.

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. कौलांवर पालापाचोळा साचतो तसे साचतात. कधी चढून झाडायला गेलं की कळतं, किती झालेत. नामदेवभाऊंच्या व्हिसाच्या फायलीत जेवढे कागद होते तेवढे किस्से माझ्याजवळ आहेत. तेव्हा मी प्रत्येकावर पोटभर हसले. आता सांगायला बसले की मधेच थांबावं लागतं.

*

आधी माणसं सांगते. नामदेवभाऊ आमचे भिंतीला भिंत लावून शेजारी. वनरक्षक होते. अर्धी नोकरी भामरागडकडे, मग जिवतीच्या डोंगरात, शेवटची काही वर्षं इथे चंद्रपुरात, आणि इथेच रिटायर. बोलणं कमी, लिहिणं फार. जंगलात झाड पडलं तरी पंचनामा, आणि घरात दूध उतू गेलं तरी पंचनामा, असं त्यांची बायको सुनंदाबाई म्हणायची. सुनंदाबाई माझी जिवाची मैत्रीण. तिला जाऊन तीन वर्षं झाली. एकच मुलगी, करुणा. नर्सिंग शिकली आणि नवऱ्याबरोबर कॅनडात गेली.

आणि मी शोभा. दहावी दुसऱ्या खेपेला पास, बचत गटाची सचिव, आणि गल्लीतल्या बायांचे अर्ज लिहिणारी. बाकी मी काय करते ते गल्लीत कोणालाही विचारा. सांगतील, "दुसऱ्याच्या घरात काय शिजते ते पाहते." खोटं नाही.

तर त्या चक्कीच्या दिवशी संध्याकाळी मी अंबाडीच्या भाजीची वाटी घेऊन भाऊंकडे गेले. भाजी हे निमित्त. भाऊ ओसरीत बसून एका नव्या फायलीला दोरी ओवत होते.

"जय भीम भाऊ. कुठी चालले म्हंते तुमी?"

"करुणाकडे. तिचे दिवस भरत येऊन राह्यले. हिवाळ्यात बाळंतपण आहे."

मी वाटी तशीच हातात धरून उभी. बाळंतपणाला माय जाते, सासू जाते, मावशी जाते. बाप जातो हे मी पहिल्यांदा ऐकत होते. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, हे मला माहीत होतं. तरी तोंडातून निघून गेलं, "भाऊ, बाळंतपणाले बाप?"

भाऊंनी दोरीची गाठ मारली. म्हणाले, "आमच्या खात्यात एक गार्ड ड्युटीवर नसला, का बाजूच्या बीटाचा गार्ड चार्ज घेते. मी सुनंदाचा चार्ज घेतला."

घर विकण्याचं विचारायला मी गेले होते. ते विचारायचंच राहिलं.

*

सुरुवात झाली पासपोर्टापासून. भाऊंच्या आधार कार्डावर जन्म एक जानेवारी, सर्व्हिस बुकात एक जुलै. दोन जन्माच्या माणसाला पासपोर्ट कसा मिळणार? म्हणून भाऊ शाळेचा दाखला काढायला त्यांच्या गावाकडे, कुरखेड्याला गेले. तिथल्या जुन्या रजिस्टरात एक जुलै निघाला. कोणी म्हणेल, झालं काम. पण त्या पानावर भाऊंच्या वर्गातली झाडून सगळी पोरं एक जुलैची होती! हेडमास्तरनं एका बैठकीत सगळ्या गावाला एकाच दिवशी जन्माला घातलं होतं.

वकिलानं प्रतिज्ञापत्र टाइप केलं, "माझा जन्म एक जुलै रोजी झाला आहे," आणि पेन पुढे केला. भाऊ सही करीनात. म्हणे, मला माहीत नसलेली गोष्ट मी शपथेवर कशी लिहू? वकील समजावून थकला. शेवटी भाऊ परत कुरखेड्याला गेले, आपल्या म्हाताऱ्या बहिणीला विचारायला. तिनं सांगितलं, "माय बांधीत रोवणं करून राह्यली होती. तिथूनच तिले घरी आणलं, आन् तू झाला."

म्हणजे धानाच्या रोवणीचे दिवस. म्हणजे जुलैच.

भाऊंनी येऊन मुकाट सही केली. मला म्हणाले, "हेडमास्तरनं चुकून खरं लिहिलं, बाई."

*

पासपोर्टासाठी पोलीस चौकशीला आला तो थेट माझ्या दारात. भाऊ घरी नव्हते. शिपायानं विचारलं, शेजारी राहणारे नामदेवराव यांना ओळखता का?

मी त्याला बसवलं. चहा टाकला. भाऊंची नोकरी, सुनंदाबाईचं आजारपण, करुणाचं लग्न, जावयाचं गाव, लग्नात वरण कमी पडलं होतं ते, सगळं सांगितलं. तो दोनदा उठला, मी दोनदा बसवला. तिसऱ्यांदा त्यानं बूट घातले आणि दाराबाहेर जाऊन म्हणाला, "बाई, मले फक्त 'हो' पायजे होतं."

तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं, की काही कागदांना फक्त 'हो' लागतं.

*

व्हिसाचा फॉर्म भरायला सलीमभाईचं दुकान. बसस्टॉपच्या मागे सलीमभाईचं झेरॉक्स, फोटो, ऑनलाईन अर्ज, सगळं एकाच खोलीत. करुणा तिकडून फोनवर सांगायची, सलीमभाई कागद स्कॅन करून पाठवायचा, फॉर्म मात्र त्यानं इथे बसून भाऊंना विचारून कागदावर आधी उतरवून घेतला. मी सोबत होते. मला कोणी बोलावलं नव्हतं.

एक प्रश्न असा होता, की तुम्हाला कधी कुठल्या देशानं अडवलं, थांबवून ठेवलं, परत पाठवलं का? सलीमभाईनं आपल्या भाषेत विचारलं, "भाऊ, कभी कहीं रोका क्या तुमको?"

भाऊ विचारात पडले. म्हणाले, "हो. भामरागडले."

सलीमभाईचा हात थांबला. "किसने?"

"पर्लकोटानं. पूर आला, पूल पाण्याखाली गेला. महिनाभर मले निघता आलं नाई. करुणा त्याच महिन्यात झाली. मी पोचलो तवा ती वीस दिवसाची होती. लिहून घ्या."

सलीमभाईनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "भाऊ, नदी का कॉलम नहीं है इसमें."

आम्ही दोघं हसलो. भाऊ हसले नाहीत. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "एका बाळंतपणाले पोचलो नाई, बाई. दुसऱ्याले पोचतो."

*

तिथेच फोटो काढायचा होता. कॅनडावाल्यांचे फोटोचे नियम फार. टोपी नको, चष्म्यावर उजेड नको, आणि चेहरा साधा पाहिजे, हसायचं नाही. मी म्हटलं, हा शेवटचा नियम तर आमच्या भाऊंसाठीच केलेला. सुनंदाबाई गेल्यापासून त्यांच्या तोंडावर हसू मी पाहिलं नव्हतं.

भाऊ पांढऱ्या पडद्यापुढे बसले. सलीमभाईनं एक काढला, नाही जमला. दुसरा काढला, नाही जमला. तिसऱ्याला मी पुढे होऊन पाहिलं, काय बिघडतंय.

सलीमभाई म्हणत होता, "भाऊ, हँसो मत ना."

*

हा किस्सा मी सगळ्यात जास्त वेळा सांगितला आणि सगळ्यात जास्त पस्तावले.

भाऊंनी मला एक दिवस सांगितलं, की लहान बाळाची आंघोळ शिकवा. चितळाचं आईविना पिल्लू त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं, पण माणसाचं पिल्लू त्यांनी कधी धुतलं नव्हतं. आता शिकवायला बाळ कुठून आणायचं? मी बाजारातून चांगला लांबोडा दुधी आणला. मांड्यांवर कसा घ्यायचा, मान कशी धरायची, तेल टाळूवर किती, पाणी कोपरानं कसं बघायचं, सगळं दुधीवर दाखवलं. भाऊ बाजूला डायरी ठेवून बसले होते. मी एक गोष्ट सांगितली की हात पुसून लिहायचे. 'पाणी कोमट. हात बाळाच्या मानेखालून काढू नये. बोलत राहावे.'

हे शेवटचं मी सांगितलं होतं, की बाळाशी बोलत राहायचं, म्हणजे ते घाबरत नाही.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ एकटेच सराव करू लागले. खिडकीतून आवाज यायचा. दुधीला तेल लावत भाऊ सांगत होते, "हे मोहाचं झाड. हे तेंदूचं. ते आंजन. तिकडे तुह्या देशात नसते."

आता हे कोणाला सांगितल्याशिवाय मी कशी राहू? मी बचत गटाच्या बैठकीत सांगितलं. नक्कल करून सांगितलं. बाया लोटपोट झाल्या. मग त्या एकेक करून माझ्याकडे काही ना काही काम काढून येऊ लागल्या आणि माझ्या न्हाणीजवळून भाऊंच्या खिडकीत डोकावू लागल्या. एकीला तोंड दाबूनही हसू आवरलं नाही.

भाऊंनी वर पाहिलं. दुधी हळूच टोपल्यात ठेवला, हात पुसले आणि खिडकी लावून घेतली. ती खिडकी पुढे बरेच दिवस बंदच होती.

*

आता तो कागद.

करुणानं फोनवर बजावून सांगितलं होतं, की त्यांना एकच गोष्ट दिसली पाहिजे, बाबा परत येतील. म्हणून पेन्शनचा कागद, घरटॅक्सची पावती, कुरखेड्याच्या शेतातल्या वाट्याचा सातबारा, सगळं लावायचं. ती हे सांगत होती तेव्हा मी तिथेच बसले होते. ऐकलं मी, नाही ऐकलं असं नाही. पण माझ्या डोक्यात माझंच ज्ञान भरलेलं.

माझ्या अर्जांना तहसीलमध्ये नाव आहे. आमच्या गल्लीतल्या निराधार बायांचे पगार माझ्या अर्जानं सुरू झाले. घरकुलाचे अर्ज मी लिहिले. मला ठाऊक होतं, साहेब कसा पाघळतो. सरकारकडे मागायचं तर आधी आपलं दुःख ताटात वाढून ठेवायचं. मी एकटी, मला कोणी नाही, माझ्यावर दया करा. हे लिहिल्याशिवाय आमच्याकडे कोणाचा अर्ज पुढे सरकत नाही. एका बाईचा नवरा धडधाकट बसला होता बाजूला, तरी मी त्याला 'आजारी व कामास असमर्थ' लिहिलं होतं. तो वाचून म्हणाला, मला थोडं बरं लिहा.

मी म्हटलं, पावत्या आणि सातबारा वाचून कोणत्या साहेबाला पाझर फुटणार? एक कागद तरी मायेचा पाहिजे. मग मी बसले आणि शेजारीण म्हणून एक पत्र लिहिलं. अजून तोंडपाठ आहे.

'माननीय साहेब, सदर इसम नामदेवराव हे विधुर असून त्यांना येथे मायेचे कोणीही नाही. भरलेले घर त्यांना खावयास उठते. मुलगी हीच त्यांची म्हातारपणाची काठी आहे. त्यांचा जीव येथे लागत नाही, तो सदैव तिच्यापाशी आहे. तरी साहेबांनी दयाबुद्धीने विचार करून या एकट्या जिवास लेकीच्या सावलीत जागा द्यावी, ही नम्र विनंती.'

'लेकीच्या सावलीत जागा द्यावी' हे लिहून झाल्यावर मी स्वतःवरच खूश झाले. आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. ते जेवत होते. म्हणाले, "दगड बी रडन."

भाऊंना दाखवलं नाही. त्यांना असलं दीनवाणं आवडलं नसतं. ते आत पेन्शनचा कागद शोधायला गेले तेव्हा मी फायलीत सगळ्यात शेवटी ते पत्र खोचलं आणि वरून पिन मारली. दुसऱ्या दिवशी भाऊ मराठी कागदांचं इंग्रजी करून घ्यायला कोर्टाजवळच्या माणसाकडे गेले. तिथून फाईल सलीमभाईकडे गेली. सलीमभाईनं गठ्ठा होता तसा स्कॅन केला. करुणा तिकडे ड्युटी करून, सुजलेले पाय घेऊन घरी यायची. आलेला गठ्ठा तिनं तसाच पुढे पाठवला.

बोटांचे ठसे द्यायला भाऊ हैदराबादला जाऊन आले. मी वाट पाहत होते, की व्हिसा आला की मग सांगीन, भाऊ, माझ्या पत्रानं आला.

*

उत्तर आलं ते सलीमभाईच्या मशीनवर. त्यानं भाऊंना निरोप पाठवला आणि मला निरोपाची गरज नसते. भाऊ इस्त्रीचा सदरा घालून गेले होते.

सलीमभाईनं आधी मनातल्या मनात वाचलं. मग म्हणाला, "भाऊ, ना आया है."

भाऊ म्हणाले, "कारण काय लिहिलं?"

कारण त्यानं सांगितलं, जमेल तसं. तुमचे जवळचे सगळे तिकडे आहेत, इथे तुम्हाला ओढून आणणारं कोणी नाही. मुदत संपल्यावर तुम्ही परत जाल अशी आमची खात्री होत नाही.

ते माझंच पत्र होतं. माझं पत्र समुद्रापलीकडे जाऊन, सुटाबुटाची भाषा घालून, परत आलं होतं. मी सलीमभाईच्या दुकानात बाकाची कड धरून बसले. भाऊ उभे होते. त्यांनी तो कागद छापून घेतला, चार घड्या न करता तसाच सरळ फायलीत लावला आणि दोरी बांधली. सलीमभाईला म्हणाले, "तुमची मेहनत वाया गेली."

त्या आठवड्यात करुणाचा मला फोन आला. म्हणाली, "मावशी, सगळं बरोबर लावलं होतं हो. कुठी चुकलं समजून नाई राह्यलं."

मी म्हटलं, "सरकारी काम आहे बेटा."

हे मी म्हटलं. मी, जी चौकशीला आलेल्या शिपायाला लग्नातलं वरण सांगते, ती त्या दिवशी एवढंच बोलले. करुणाला मी अजूनही सांगितलेलं नाही. तिनं हे वाचलं तर तिला कळेल. कळू दे.

पुन्हा अर्ज करू, असं ती म्हणत होती. पण दिवस राहिले होते थोडे, आणि भाऊ म्हणाले, आता बाळ झाल्यावरच पाहू.

*

मुलगी झाली. सकाळी सकाळी करुणानं व्हिडिओ कॉल लावला. मी भिंतीपलीकडून आवाज ऐकला आणि धावत गेले. भाऊंचा फोन कोनाड्यात टेकवून ठेवलेला, त्यातून करुणा हाका मारत होती, "बाबा, कुठी गेले? पाहा ना इकडे."

भाऊ मोरीवर होते. साबण लावून कोपरापर्यंत हात धूत होते. मग आले, स्वच्छ पंच्यानं हात पुसले, आणि फोन दोन्ही हातांत घेतला. एक हात खालून, जिथे मान असते तिथे.

करुणा म्हणाली, काहीतरी बोला तिच्याशी. भाऊंचे ओठ हलले, पण आवाज निघेना. फोनमधलं बाळ रडायला लागलं. तेवढ्यात तिकडच्या कोण्या नर्सनं करुणाला बोलावलं आणि फोन बंद झाला.

*

त्यानंतर माझ्याच्यानं राहवेना. एक दिवस दुपारी मी भाजीबिजी काही न घेता, रिकाम्या हातानं गेले. भाऊंच्या पुढच्या दोन्ही खोल्यांत सतरंज्या अंथरलेल्या आणि गल्लीतल्या, आजूबाजूच्या वस्तीतल्या सात-आठ पोरी पुस्तकं घेऊन बसलेल्या. दारावर पाटी, 'सुनंदा अभ्यासिका'. मला ही गोष्ट माहीत नव्हती. गल्लीत मला माहीत नसलेली गोष्ट! एका पोरीनं बोटानं दाखवलं, आजोबा मागच्या खोलीत आहेत.

मागची खोली म्हणजे आधी सुनंदाबाईचं कोठार. आता तिथे एक खाट, एक स्टोव्ह, आणि खिळ्याला ती फाईल. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. पत्र मी लिहिलं, मी खोचलं, मी पिन मारली. जे लिहिलं तेही सांगितलं. भाऊंनी ऐकून घेतलं. मग उठून फाईल काढली, दोरी सोडली आणि शेवटचा कागद माझ्यासमोर धरला. माझं पत्र, इंग्रजीत केलेलं, खाली गोल शिक्का.

इंग्रजी करून आणलं म्हणजे भाऊंनी ते पाहिलं होतं.

"भाऊ, तुमी वाचलं होतं हे?"

"दोनदा वाचलं."

"मग काढून काऊन नाई टाकलं?"

"खोटं असतं तर काढलं असतं."

'मायेचे कोणीही नाही' हे लिहिताना मी स्वतःला मोजलंच नव्हतं, तेही तेव्हाच लक्षात आलं. आणि वाचताना भाऊंनीही मोजलं नव्हतं.

पुढच्या खोलीत पोरी काहीतरी एका सुरात पाठ करत होत्या. मी विचारलं, ह्या खोल्या कधी दिल्या? भाऊ म्हणाले, उन्हाळ्यातच. विहाराच्या मंडळींना शब्द दिला होता, जायचं ठरलं तेव्हा लिहूनही दिलं; पोरी बसायला लागल्या त्या ह्याच आठवड्यात. घर विकलं नव्हतं, दिलं होतं. म्हणजे चक्कीवरच्या त्या दोघी अर्ध्या खऱ्या होत्या. आणि उरलेल्या अर्ध्यासाठी मला त्याच क्षणी विचारावं लागलं, कारण न विचारता मी राहू शकत नाही, हे तुम्हाला आता माहीत आहे.

"भाऊ, खरं सांगा. तुमी वापस येणार होते ना?"

भाऊंनी फाईल खिळ्याला लावली. ती जरा वाकडी राहिली होती, ती सरळ केली.

"ही खोली ठेवली होती ना. दिली नाई कोणाले. नवीन कुलूप बी आणलं होतं."

माझा जीव जरा भांड्यात पडला. मी म्हटलं, "मंग किल्ली कोणापाशी ठेवणार होते? माझ्यापाशी?"

"नाई," भाऊ म्हणाले. "करुणापाशी. ती कवा आली तर उघडन म्हणून."